तीन मैलांचं कडं

यंत्रानं शिट्टी मारली तेव्हा आत्माराम गिरकर एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं चहा पीत होता. त्यानं पडद्याकडे मान वळवली नाही की कप खाली ठेवला नाही. सुकाणू तेवढं थोडं फिरवलं आणि म्हणाला, "तो इलो."

"कोण?" मी विचारलं.

 स्टोव्हपाशी बांगडे साफ करत बसलेला दत्ताराम खलाशी खाली मान घालून नुसता हसला. ट्रॉलरनं हळूहळू तोंड वळवलं, शिट्टी थांबली, आत्मारामनं उरलेला चहा संपवला. थोड्याच वेळात ती पुन्हा वाजली. या खेपेला त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाला, "हो तो न्हय. हो खयचो तरी दुसरो. ह्याच सांगतंय मी तुमका, सायब. मशीन बिघाडलेला आसा."

याच तक्रारीपायी मी देवगडच्या समुद्रात येऊन पडलो होतो. मासेमारीच्या होड्यांवर रडार बसवून देणाऱ्या रत्नागिरीच्या एका कंपनीत मी तेव्हा नोकरीला होतो. रडारचं शिक्षण मी पुण्यात एका वर्गात घेतलं होतं आणि तिथं सगळ्यांत जवळचं पाणी म्हणजे बाहेरच्या कूलरमधलं. आत्मारामच्या 'सागरलक्ष्मी'वर आम्ही दिवाळीनंतर रडार बसवलं आणि महिन्याभरात त्याचे फोन सुरू झाले. मशीन दिवसभर बोंबलतं, एक घटका गप्प बसत नाही. आमचा माणूस दोनदा बंदरावर जाऊन बघून आला. धक्क्याला बांधलेल्या ट्रॉलरवर यंत्र सुतासारखं सरळ चालायचं. शेवटी आमचे मालक म्हणाले, फणसे, तुम्ही त्यांच्याबरोबर समुद्रातच जा, आणि काय ते एकदा मिटवून या. म्हणून मी गेलो, आणि पहिल्या सकाळी पोटात होतं नव्हतं ते समुद्राला अर्पण करून केबिनच्या दाराला धरून उभा राहिलो.

बिघाड शोधायला मला फार वेळ लागला नाही. ट्रॉलरच्या माथ्यावर एक पांढरा दांडा गोल गोल फिरत असतो आणि केबिनमध्ये लहान टीव्हीएवढा पडदा असतो. पडद्याच्या मध्यभागी आपण. आसपास पाण्याच्या वर जे काही डोकं काढून असेल ते हिरव्या ठिपक्यांनी दिसतं. त्यात एक सोय केलेली असते. आपल्याभोवती हवं तेवढं कडं आखून ठेवायचं, आणि बाहेरून कुणी कड्याच्या आत शिरलं की यंत्र शिट्टी मारतं. धुकं पडलं, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा डोळा लागला, तरी टक्कर टळते. बाकीचे होडीवाले हे कडं अर्ध्या मैलाचं ठेवत, फार तर एका मैलाचं. आत्मारामनं ते तीन मैलांचं ठेवलं होतं. हंगामाच्या दिवसांत तीन मैलांच्या टापूत होड्यांची ये-जा कधी थांबतच नसे. यंत्र बिचारं इमानदारीनं प्रत्येकीची वर्दी देत होतं.

मी त्याला हे समजावून सांगितलं आणि बटणाकडे हात नेला. कडं एका मैलावर आणतो, म्हटलं, म्हणजे शांतता होईल.

"कमी करूचा नाय," आत्माराम म्हणाला.

मग आवाज बंद करू, मी सुचवलं. तेही नको होतं. मग तुम्हाला नक्की हवंय काय, असं विचारल्यावर त्यानं फार साधी गोष्ट सांगितली. यंत्रानं ओरडावं, तीन मैलांवरूनच ओरडावं, पण एकाच होडीसाठी ओरडावं. बाकीच्या होड्या खुशाल येवोत-जावोत. इतकं महाग यंत्र, त्याला एवढं कळू नये का, असं त्याचं म्हणणं.

कुठली होडी, ते तो सांगेना. ते मला दुपारी दत्तारामनं सांगितलं, ट्रॉलरच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या आवाजाच्या आडोशानं.

ती होडी आत्मारामच्या सख्ख्या थोरल्या भावाची होती. चिंतामणी गिरकर. दोघांचा बाप भिकाजी हा त्या किनाऱ्यावरचा नावाजलेला तांडेल. तो गेल्यावर त्याच्या होडीचं सुकाणू कुणी धरायचं यावरून भावाभावांत जुंपली. चिंतामणी म्हणे मी थोरला. आत्माराम म्हणे बापाच्या आजारपणात होडी मीच हाकत होतो. बाराव्याच्या जेवणाला सगळे सोयरे पानावर बसलेले असताना चिंतामणी बोलून गेला की, धाकट्याच्या हातात सुकाणू गेलेलं बघूनच बापानं हाय खाल्ली. आत्माराम भरल्या पानावरून उठला. त्यानं होडी सोडली, पुढे कर्ज काढून स्वतःचा ट्रॉलर बांधला, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. चिंतामणीही बोलला नाही.

घरं एकमेकांना लागून होती, मध्ये भिंत घातली गेली. बायका भिंतीवरून एकमेकींना वाटी-वाटीनं कालवण द्यायच्या, त्याला दोघांचीही हरकत नव्हती. चतुर्थीला गणपती एकच, थोरल्याच्या घरात. आत्माराम मागच्या दारानं आत येई तेव्हा चिंतामणी पुढच्या दारानं बाहेर पडे, आणि आरती दोनदा होई. गावाला त्याची सवय झाली होती.

खरी पंचाईत समुद्रात होती. मासा कुठे लागतो त्या जागा दोघांनाही बापानंच दाखवलेल्या. कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या कळसावर आला की जाळं सोडायचं, हे दोघांच्या डोक्यात एकाच माणसानं भरलेलं. त्यामुळे कुठलाही दिवस, कुठलाही वारा असला तरी दोघांना एकाच वेळी एकच जागा सुचायची आणि पहाट फुटताना पुष्कळदा दोन्ही होड्या नेमक्या समोरासमोर. आत्मारामच्या मनानं घेतलं होतं की, भावाचं तोंड दिसलं त्या दिवशी जाळ्यात नुसते केंड, कुणी न खाणारे विषारी मासे, येतात. जमिनीवर भिंत घालता आली, पाण्यात घालता येईना. ती त्यानं आमच्या कंपनीकडून विकत घेतली.

मी केबिनमध्ये परत आलो. गिऱ्हाईकाला खरं काय ते सांगणं माझं काम होतं. रडारला माणूस कळत नाही, मी म्हणालो. सख्खा भाऊ आणि परका दर्यावर्दी, त्याला सगळे सारखेच. ठिपका म्हणजे ठिपका.

"माका कळता," आत्माराम म्हणाला. त्यानं पडद्यावर, कड्याच्या जरासा बाहेर, बोट ठेवलं. तिथं एक पुसट ठिपका होता. लाकडी होडी रडारवर अशीच पुसट दिसते, मध्येच दिसते, मध्येच विझते. "हो तो."

कशावरून, मी विचारलं. तो म्हणाला, तसा फिरणारा दुसरा कोण नाही. जाळं ओढत दक्षिणेला लांब ओढ घ्यायची, मग जरा थबकायचं, मग डाव्या अंगानं वळायचं. उजवीकडे कधी वळणार नाही.

एवढं बोलून त्यानं आपली ओढ संपवली, जरा थबकला, आणि 'सागरलक्ष्मी' डाव्या अंगानं वळवली. मी काही बोललो नाही. अजून एक रात्र मला त्याच ट्रॉलरवर काढायची होती.

त्या दिवसभर मी एक गोष्ट पाहिली. मला वाटलं होतं, शिट्टी वाजली की हा पडद्याकडे बघत असेल. पण तो शिट्टीची वाट बघतच नव्हता. समुद्राकडे त्याचं लक्ष कमी आणि पडद्याकडे जास्त. जाळं ओढताना, भाकरी खाताना, बिडी ओढताना त्याची नजर त्या एका ठिपक्यावर. आणि मधूनमधून, कुणाला उद्देशून नाही, असा तो बोलायचा. आज उशिरा जाळं सोडलान. आता उचलता. आज वळूक येळ लावता, गुडघो दुखत असतलो. आता थांबलो, जेवता वाटता. दत्ताराम मला हळूच म्हणाला की, यंत्र नव्हतं तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा भाऊ दिसायचा आणि यांचा तेवढा दिवस नासायचा. आता रोज दिवसभर दिसतो.

मला ही सगळी हेरगिरी वाटली. माणूस वैरावर किती खर्च करू शकतो याचं मला मनातल्या मनात हसू येत होतं. आपलं यंत्र निर्दोष आहे एवढं मालकांना जाऊन सांगायचं, बाकी गिरकर बंधू आणि त्यांचा समुद्र.

दुसऱ्या दिवशी उजाडलंच नाही म्हणायचं. माघातलं धुकं पाण्यावर असं बसलं होतं की, ट्रॉलरच्या पुढच्या टोकाला उभा असलेला दत्ताराम केबिनमधून सावलीसारखा दिसत होता. बरंच वर आलं तरी ऊन त्याला भेदेना. जाळं खाली होतं, इंजिन मंद लयीत धडधडत होतं, आणि आत्माराम पडद्यासमोर बसला होता. त्या दिवशी तरी त्याला पडद्यासमोर बसायला सबळ कारण होतं. ठिपका नेहमीच्या जागी, कड्याच्या बाहेर, दक्षिणेकडे सरकत होता.

पडद्याच्या वरच्या कडेला एक दुसरा ठिपका उगवला. ठिपका कसला, उकड्या तांदळाचं शीत ठेवावं तसा जाड, लख्ख हिरवा. मालवाहू जहाज. ती जहाजं एरवी किनाऱ्यापासून खूप दूरून जातात. हे आत सरकलं होतं, आणि वेगात होतं. मी सहज, हाताला चाळा म्हणून, यंत्रावरची रेघ फिरवून त्याच्या वाटेवर ठेवली. पडद्यावर पट्टी ठेवून आखावी तशी ती रेघ असते. जहाज आहे तसंच येत राहिलं तर कुठून जाईल ते तिच्यावरून कळतं.

रेघ पुसट ठिपक्यावरून गेली.

माझी काही चूक झाली असेल म्हणून मी जरा थांबून पुन्हा आखली. पुन्हा तीच. आत्मारामकडे पाहिलं. त्यानं माझ्या आधीच पाहिलं होतं. त्याचा चेहरा अगदी कोरा होता.

"बघतलो तो," तो म्हणाला.

या धुक्यात काय बघणार, मी म्हटलं. भावाकडे रडार होतं का? नव्हतं. आणि जहाजाच्या रडारवर लाकडी होडी दिसेलच याची खात्री नाही, ते मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. मग मी वायरलेस उचलला आणि पुण्यात शिकलेल्या इंग्रजीत त्या जहाजाला हाका मारायला सुरुवात केली. बराच वेळ नुसती खरखर. एकदा कुणीतरी बोललं, झोपाळू आवाजात, न कळणाऱ्या भाषेत, आणि ते माझ्याशी नव्हतं. शीत खाली सरकत राहिलं.

दत्ताराम दारात येऊन उभा होता. "आत्मारामा," तो म्हणाला, "तूच बोल."

आत्मारामनं माझ्या हातातून माइक घेतला. बटण मात्र दाबलं नाही.  मला आधी वाटलं तो शब्द जुळवतोय. मग लक्षात आलं, त्याला हाक कशी मारायची तेच सुचत नव्हतं. इतकी वर्षं भावाचा उल्लेख 'तो' एवढाच होत आलेला, आणि 'तो' म्हणून कुणाला हाक मारता येत नाही. शेवटी त्यानं होडीचं नाव घेतलं. "गजबादेवी... गजबादेवी, गजबादेवी." खरखर. त्यानं पुन्हा एकदा तेच केलं. मग डोळे मिटून म्हणाला, "दादा."

लगेच आवाज आला. "कोण?"

"मी. आत्माराम. थयसून हल. मोठा जहाज येता, थेट तुझ्या अंगार. जाळा सोड आणि हल."

 मग चिंतामणीचा आवाज आला, सावकाश.

"इतक्या वर्सांनी त्वांड उघडलंस, ता ह्येच्यासाठी? ही जागा बापाशीन माका दाखवल्यान हा. मी हयसून हलूचंय नाय."

आणि त्यानं वायरलेस बंद केला.

त्याचं फार चुकलं असं म्हणता येणार नाही. चांगली जागा धरून बसलेल्याला उठवायला असल्या थापा त्या समुद्रात सर्रास मारल्या जात. जहाज येतंय, गस्तीची बोट येतेय, तुझ्या घरून निरोप आहे. खुद्द आत्मारामनं आदल्याच दिवशी एका वेंगुर्ल्याच्या होडीला असं उठवलेलं मी ऐकलं होतं आणि तेव्हा हसलोही होतो.

आत्माराम उठला. "दत्तारामा, जाळा काप," तो म्हणाला.

दत्तारामनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. जाळं त्याच हंगामात घेतलेलं होतं आणि ओढ भरत आली होती. पण तो मागे गेला, आणि कुऱ्हाडीचे घाव मला ऐकू आले. दोन्ही दोर तुटले तसा ट्रॉलर पाठीवरचं ओझं पडल्यासारखा पुढे उसळला. आत्मारामनं इंजिन पूर्ण वेगात सोडलं आणि तोंड भावाच्या ठिपक्याकडे केलं.

कडं आमच्याबरोबर पुढे सरकलं आणि पुसट ठिपका त्याच्या आत आला. यंत्रानं शिट्टी मारली. ती थांबेना. ज्यासाठी ते यंत्र घेतलं होतं नेमकं तेच घडत होतं आणि ते जीव तोडून सांगत होतं. मी आवाज बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हवांदे," आत्माराम म्हणाला.

धुक्यातून आम्ही कसे गेलो ते मला नीट आठवत नाही. मी पडद्यावरची अंतरं ओरडून सांगत होतो. जहाजाचं शीत, भावाचा ठिपका आणि मध्यभागी आपण, तिघं एकमेकांकडे ओढले जात होते. दत्ताराम पुढच्या टोकावर पत्र्याचा डबा बडवत उभा होता. मग धुकं एकदम फाटल्यासारखं झालं आणि निळ्या रंगाची जुनी होडी समोर आली, तिच्यावर कानटोपी घातलेला एक उंच, वाकलेला माणूस. चिंतामणीला मी प्रथमच पाहत होतो. चेहरा थेट आत्मारामचाच.

त्याला काय दिसलं असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. धुक्यातून बेभान वेगानं आपल्याच रोखानं येणारा भावाचा ट्रॉलर, पुढे डबा बडवणारा माणूस, आणि केबिनच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हातवारे करत ओरडणारा आत्माराम. इंजिनांच्या आवाजात शब्द काय कळणार. आत्मारामनं वेग कमी केला नाही.

चिंतामणीनं एक शिवी हासडली, ती मात्र स्पष्ट ऐकू आली. त्याच्या खलाशांनी घाईघाईनं दोर तोडले. त्यानं इंजिन सोडलं आणि डाव्या अंगानं होडी वळवून तो पळाला. आत्माराम त्याच्या मागे. गुराखी भलत्या शेतात शिरलेलं जनावर हाकलत नेतो तसा तो त्याला हाकलत होता, मध्ये फारसं पाणी न ठेवता. चिंतामणी मागे वळून वळून पाहत होता आणि मूठ दाखवत होता.

मग आमच्या पाठीमागे आवाज झाला. आधी गिरणीसारखी घरघर, मग पाणी फाटल्याचा लांबलचक आवाज, आणि धुक्यातून तांबारलेल्या लोखंडाची भिंत वर वर येत गेली. चिंतामणीची होडी जिथं होती बरोब्बर तिथून ते जहाज गेलं. जायला बराच वेळ लागला, इतकं लांब होतं. त्याच्या कठड्याशी नारिंगी कपड्यातला एक माणूस धुतलेले कपडे वाळत घालत होता. आम्हाला पाहून त्यानं हात हलवला.

लाटांनी दोन्ही होड्या उचलून आपटल्या. त्या निवल्या तेव्हा आम्ही समोरासमोर होतो, हाकेच्या अंतरावर. इंजिनं थांबली होती. यंत्राची शिट्टी अजून वाजत होती. ती मी बंद केली, आणि मग फार शांत झालं. चिंतामणी होडीच्या कडेला येऊन उभा राहिला. त्यानं जहाज गेलं त्या बाजूला पाहिलं. पाण्यावर त्याच्या जाळ्याला तरंगत ठेवणारी बोयरी फुटून पसरली होती, तिच्याकडे पाहिलं. मग आत्मारामकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. आता हे दोघं बोलणार, आणि मी रत्नागिरीला जाऊन सांगणार की आमच्या यंत्रानं काय केलं.

"माझ्या होडीर घालूक येत होतंस?" चिंतामणीनं विचारलं.

आत्माराम कठडा धरून उभा होता.  सांगायला त्याच्यापाशी सगळं होतं. पडदा होता, रेघ होती, साक्षीला मी होतो, आणि ते जहाज अजून पुरतं नाहीसंही झालं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.

चिंतामणीनं मान हलवली. जणू एवढी वर्षं तो म्हणत होता ते अखेर या माणसानं कबूल केलं. तो पाण्यात थुंकला, आणि होडी बंदराकडे वळवली.

परतीच्या वाटेवर मी आत्मारामला विचारलं की, तुम्ही खरं का नाही सांगितलंत.  तो म्हणाला की, मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, मालकांना सांगा. कडं मात्र आहे तेवढंच असू दे.

आम्ही धक्क्याला लागलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. मासळीच्या लिलावात, टोपल्यांच्या गर्दीत, चिंतामणी सगळ्यांना सांगत होता की धाकट्यानं आज मला बुडवायचा घाट घातला होता, मी वेळीच होडी वळवली म्हणून वाचलो, आणि नशिबानं त्याच वेळी मध्ये एक जहाज आलं म्हणून त्याचा डाव फसला. दत्ताराम पुढे व्हायला निघाला तर आत्मारामनं त्याचा दंड धरला. पुढे बंदरावरच्या पंचांनी आत्मारामला बोलावून चार लोकांत समज दिली. समुद्रात असला आततायीपणा चालणार नाही म्हणाले. त्यानं ऐकून घेतली. मी रत्नागिरीहून पंचांना जाऊन भेटायची तयारी दाखवली, त्यावर त्याचा उलट निरोप आला की, सायब, तुमी ह्येच्यात पडा नको.

पावसाळा गेला, नारळीपौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. आणि आमच्या कचेरीत देवगडहून एक मागणी आली. 'गजबादेवी', मालक चिंतामणी भिकाजी गिरकर. रडार हवं. बंदरावर त्यानं कारण सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं होतं. भाऊ जिवावर उठला आहे, तेव्हा आता त्याच्यावर डोळा ठेवायला यंत्र घेतलंच पाहिजे. लोकांनाही ते पटलं होतं.

बसवायला मीच गेलो. निळ्या होडीची केबिन इतकी बुटकी की, मला वाकूनच काम करावं लागलं. चिंतामणी एका लाकडी खोक्यावर गुडघा चोळत बसला होता आणि माझं काम बघत होता. त्यानं मला ओळखलं होतं, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. सगळ्या तारा जोडून झाल्यावर मी यंत्र सुरू केलं, पडदा हिरवा उजळला, आणि मी नेहमीचा पाठ म्हणायला लागलो. मध्यभागी आपण. हे ठिपके म्हणजे होड्या. हे कडं.

"ह्या कड्याच्या आत कोण इलो काय मशीन ओरडता," तो म्हणाला. "ता माका ठावक आसा."

कितीचं ठेवू, मी विचारलं. तुमच्या भावाचं तीन मैलांचं आहे.

तो उठला. गुडघा धरत दारापर्यंत गेला, धक्क्यावर कोण आहे ते पाहिलं आणि दार लोटून घेतलं. परत खोक्यावर बसला. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"आणि आत आसलेलो कोण भायर गेलो तर?" त्यानं विचारलं.

मला समजलं नाही.

"दिसता दिसता दिसनासो झालो तर. खय तरी लांब गेलो, नायतर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तेव्हा ओरडात काय?"

तशी सोय यंत्रात होती. कुणी कधी वापरत नसे. पुस्तकात एका ओळीपुरती होती. कड्याच्या आतला ठिपका बाहेर पडला की शिट्टी. मी तसं सांगितलं.

"ती लावा," चिंतामणी म्हणाला. "आणि कडा तेच्या कड्यापेक्षा जरा मोठा ठेवा. तो तीन मैल लांब ऱ्हवता. तेका कळता नये."

मी चार मैलांचं कडं आखलं. शिट्टी आतून बाहेर अशी लावली. आवाज बारीक होता, बंदरात असल्यामुळे मी तो तसाच ठेवणार होतो.

"वाढवा," तो म्हणाला. "माझा येक कान गेलो हा."

मी बटण पुरतं उजवीकडे फिरवलं.